ड्राय सोल्डर

"हा परत आला," म्हणत सुतारांनी पंप टेबलावर ठेवला.

सुतार हॉस्पिटलच्या मेंटेनन्स विभागात होते. मिरजेत आमच्या वर्कशॉपपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर ते हॉस्पिटल. पंप होता सिरिंज पंप. अतिदक्षता विभागात पेशंटच्या उशाशी लावलेला असतो आणि औषध ठरलेल्या वेगानं थोडं थोडं आत सोडतो. याच पंपाचा सर्किट बोर्ड मी नुकताच दोनदा दुरुस्त करून दिला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"चालता चालता बंद पडला. अलार्म वाजला, सिस्टर जवळच होत्या, त्यांनी दुसरा लावला. पेशंटला काही झालं नाही." सुतार जरा घुटमळले. "पण शरयूताई, तुमच्याकडनं आलेला पंप सिस्टर आता घ्यायला बघत नाहीत. बाजूला सारून ठेवतात."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते कसनुसं हसले आणि गेले.

नीलोफरनं पंप उघडला, बोर्ड भिंगाखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मला न बघताच कळलं होतं.

"तोच जॉइंट," ती म्हणाली. "ड्राय सोल्डर."

ड्राय सोल्डर म्हणजे वरून चिकटल्यासारखा दिसणारा, पण आत तांब्याला न धरलेला जॉइंट. यंत्र गार असेपर्यंत ठीक चालतं. तापलं की जॉइंट सुटतो, गार झालं की पुन्हा टेकतो. पकडायला सगळ्यात वाईट बिघाड, आणि तो तयार होतो तो वितळलेल्या सोल्डरचा डाग देणाऱ्याच्या हातून.

मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. नीलोफर शिकलगार आणि मी, दोघी सांगलीच्या पॉलिटेक्निकमध्ये एका बाकावर शिकलो आणि पुढे हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करायचं हे वर्कशॉप काढलं. बिघाड शोधायचा तिनं आणि सोल्डरिंग करायचं मी, अशी आमची वाटणी कुणी न ठरवता पडली होती. आमचे हेरवाडे सर वर्गात माझा बोर्ड सगळ्यांच्या हातातून फिरवायचे. "जॉइंट असा दिसला पाहिजे," म्हणायचे. "वाळवेकरचा हात बघा." दुसरं कुठलं कौतुक मला मिळालं नव्हतं आणि नकोही होतं.

पण त्या हातामागे आमचे अण्णा होते, माझे वडील. अण्णा घड्याळं दुरुस्त करायचे. पंचेचाळिशीच्या पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दुकान बंद झालं. कंपवात हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं म्हणायचं नाही. अण्णांना चहा अर्धा पेलाच द्यायचा, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी बारीक नेढ्याची सुई घेतली आणि ओवत बसले. दोरा पहिल्यांदाच गेला. मी काढला, पुन्हा ओवला. अण्णा समोर बसून बघत होते.

"काय फाटलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांची नजर सुईवरून माझ्या हाताकडे आली. मग म्हणाले, "मला सुईनं नसतं कळलं. मला स्क्रू उचलताना कळलं. चिमट्यात धरलेला असायचा आणि बसायच्या जागी गेला की नसायचा."

मी सुई डबीत ठेवून दिली.

रविवारी मी तो बोर्ड घेऊन हेरवाडे सरांकडे गेले. सर निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागेत राहत होते. नुसतं बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी हत्यारांची एजन्सी घेतली होती, म्हणजे मुंबईहून माल आणून आमच्यासारख्यांना द्यायचे. आमच्या वर्कशॉपमधली दोन्ही सोल्डरिंग स्टेशनं अलीकडेच त्यांच्याकडून घेतलेली. एका जपानी कंपनीचं मॉडेल होतं ते. निळा डबा, त्यावर पेटणारे लाल आकडे, वायरीनं जोडलेली पेनासारखी मूठ आणि मुठीच्या टोकाला तापणारं बिट. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये असलंच एक होतं. सर ते कपाटात कुलूप लावून ठेवायचे आणि शेवटच्या वर्षालाच हात लावू द्यायचे. आपल्या वर्कशॉपमध्ये तशी दोन आली तेव्हा नीलोफरनं पेढे वाटले होते.

सर दारातच म्हणाले, "कोण? वाळवेकर? ये, ये. ऐक, चांगली बातमी आहे. पॉलिटेक्निकच्या अख्ख्या लॅबला आपली स्टेशनं चाललीत. आता पोरांना कुलपाकडे बघत बसायला नको."

बाहेरच्या खोलीत भिंतीशी निळ्या खोक्यांची थप्पी लागली होती. काकूंनी चहा आणला आणि सरांचा कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला.

मी बोर्ड दिला. कुठला जॉइंट ते सांगितलं. सर खिडकीशी गेले, खिशातलं भिंग काढलं आणि बोर्ड डोळ्यांजवळ नेऊन थोडा तिरका धरला. मला ते बघवेना.

"सर, माझा हात हलतोय का? खरं सांगा."

सरांनी बोर्ड पुन्हा थोडा फिरवला.

"थोडा हललाय," ते म्हणाले. "तुझ्या वडलांनाही त्रास आहे ना? विश्रांती दे हाताला. काही दिवस शिकलगारला करू दे."

मी चहा संपवला, बोर्ड पिशवीत टाकला, नमस्कार केला आणि बसनं मिरजेला परत आले. उतरायचा थांबा मागे गेला तेव्हा कंडक्टरनं हटकलं.

"सर म्हणाले असं?" नीलोफरनं विचारलं.

"हो."

"बघून म्हणाले?"

"भिंगातून बघून."

सरांनी जॉइंट बघून सांगितलं म्हणजे आमच्यापुरता विषय संपायचा. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या खुर्चीत बसायला लागली आणि मी फोन घ्यायला, यंत्रं पोचवायला लागले. तिला माझी खुर्ची उंच व्हायची. तिनं ती खाली केली नाही, तशीच पाय लोंबकळत बसायची, ते मला दिसत होतं. एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला माणूस हवा होता. मी गुपचूप अर्ज देऊन आले. अण्णांनी विचारलं, "शाळा कशाला?" मी म्हटलं, "बदल म्हणून." त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

मग एका डॉक्टरांचा मॉनिटर परत आला. तो नीलोफरनं केला होता.

तिनं उघडून पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला. "बघ."

मी भिंगाखाली पाहिलं. राखाडी, दाणेदार, कडेला सुटलेला. अगदी माझ्यासारखा.

"माझ्या अब्बांचा हात अजून दगडासारखा स्थिर आहे," नीलोफर म्हणाली. "कात्रीला धार लावताना ठिणगीसुद्धा इकडची तिकडे जात नाही. मग मला काय झालं?"

"तुला सवय नाही, म्हणून असेल."

"सवय नाही म्हणून जॉइंट वाकडा येईल शरू, ड्राय येणार नाही." तिनं स्टेशनकडे बघितलं. लाल आकडे साडेतीनशे अंश दाखवत होते. "दोघींचे हात एकाच महिन्यात बिघडतात, आणि एकाच पद्धतीनं. हे काही मला पटत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्कूटरवर पायाशी काहीतरी ठेवून आली. लॅबमधलं कुलपातलं स्टेशन. तिथले लॅब असिस्टंट तिच्या गल्लीतले, त्यांच्याकडून मागून आणलं होतं.

आम्ही ते आमच्या स्टेशनशेजारी ठेवलं. सांगूनसुद्धा कुणाला ओळखता आलं नसतं. तोच निळा रंग, तेच बटण, तीच अक्षरं. नीट निरखल्यावर आमच्या डब्यावरचं एक अक्षर जरा जाड वाटलं, पण तसं आम्हाला वाटायचंच होतं. मी दोन्ही उचलून पाहिली. वजनही जवळपास सारखंच.

"लाव दोन्ही साडेतीनशेवर," नीलोफर म्हणाली.

लॅबच्या स्टेशनचा आकडा भरभर वर गेला, थोडा पुढे गेला, मागे आला आणि मग एखाद-दुसऱ्या अंशानं खालीवर होत राहिला. आमचं स्टेशन सावकाश चढलं आणि साडेतीनशेवर जाऊन थांबलं ते थांबलंच.

"किती शांत आहे आपलं," मी म्हटलं.

"तेच तर." नीलोफरनं मीटरची तापमान मोजायची वायर काढली आणि दोन्ही बिटांना लावून पाहिली. लॅबचं बिट साडेतीनशेच्या आसपास होतं. आमचं तीनशेलाही पोचलेलं नव्हतं.

मग तिनं तांब्याची जाड पट्टी घेतली. जाड तांबं उष्णता ओढून घेतं. खरी परीक्षा तिथेच होते. लॅबचं बिट पट्टीला टेकवलं तसा त्याचा आकडा खाली आला आणि आम्ही बघत असतानाच परत चढला. सोल्डर पाण्यासारखं पसरलं. आमचं बिट टेकवलं तर सोल्डरचा नुसता लगदा झाला. मीटरवर तापमान घसरत होतं आणि डब्यावर मात्र साडेतीनशेच.

"हे मोजतच नाही," मी म्हटलं.

"नाही. आपण जेवढं मागितलंय, तेवढं परत वाचून दाखवतंय."

आम्ही दोन्ही डबे उघडले. लॅबच्या डब्यात आतली सगळी जागा ट्रान्सफॉर्मरनं व्यापली होती. आमच्यात त्याच्या निम्म्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर, आणि शेजारी, नुसता गोंदानं चिकटवलेला, लोखंडाचा एक चौकोनी तुकडा.

"हा कशाला?" मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं. वजनासाठी.

त्याहून वाईट पुढे होतं. प्लग तीन पिनांचा होता, वायरही तीन तारांची. पण अर्थिंगची हिरवी तार आत आल्यावर कापून, दुमडून, प्लॅस्टिकच्या नळीत खुपसून टाकली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती. नीलोफरनं बिट आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटर लावला. बिटावर व्होल्टेज होतं. थोडं, पण होतं.

"हे आपण पेशंटच्या यंत्राला लावत होतो," ती म्हणाली.

मी लॅबच्या स्टेशनची मूठ उचलली. पंपाचा बोर्ड पुढे घेतला, जुनं सोल्डर काढलं आणि जॉइंट केला. सोल्डर पिनेच्या पायाभोवती सगळीकडून सारखं चढलं आणि चकचकीत होऊन थांबलं. मी दुसरा केला. मग गरज नसताना एका रद्दी बोर्डावर ओळीनं करत गेले. नीलोफरनं एकही बघायला मागितला नाही. ती पाठ करून खिडकीत उभी राहिली आणि मी पदरानं डोळे पुसून होईपर्यंत तशीच उभी होती.

"मग सर असं का म्हणाले?" मी विचारलं.

"ते जाऊन विचारायचंच आहे. लॅबमध्ये माल पोचायच्या आत."

स्कूटरवर मागे बसल्यावर मी तिला म्हटलं, "सरांना माहीत असेल तर?"

तिनं किक मारली. मग म्हणाली, "तर मी बोलेन. तू बोलू नकोस."

सर बाहेरच्या खोलीतच होते. खोकी दोरीनं बांधून तयार होती, दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. नीलोफरनं सगळं नीट सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि तोंडी परीक्षेला विचारत तसं विचारायला लागले.

"मीटर तपासला होतास?"

"हो सर. दोन्ही स्टेशनांना तोच मीटर लावला."

"बिट साफ होतं?"

"नवं बिट घातलं होतं."

"मी प्रत्येक स्टेशन चालवून बघितलंय, शिकलगार. साडेतीनशे दाखवतं."

"दाखवतं, सर. पण तेवढंच करतं."

सरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी मान्य केलं नाही. "उघड एक," म्हणाले.

आम्ही थप्पीतलं वरचं खोकं सोडलं. तिनं चहाच्या टेबलावर डब्याचे स्क्रू काढले. आत तेच. छोटा ट्रान्सफॉर्मर, गोंदानं चिकटवलेला लोखंडाचा तुकडा, कापलेली तार. नीलोफरनं स्क्रूड्रायव्हरचं टोक तारेवर ठेवलं.

"ही बघा सर, हिरवी तार. इथे कापलीय."

सर वाकले. बोट पुढे केलं. "हो, दिसली," म्हणाले.

त्यांचं बोट डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात होतं. तिथे नुसता पत्रा होता.

नीलोफरनं माझ्याकडे बघितलं. सरांचं बोट त्या पत्र्यावर जरा फिरलं आणि थांबलं. शेवटी मीच विचारलं.

"सर, त्या दिवशी माझा जॉइंट बघितला होता तुम्ही?"

सरांनी बोट मागे घेतलं. चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"मला हिरवा रंग दिसला होता," ते म्हणाले. "बोर्डाचा. बाकी काही नाही."

"मग हात—"

"तू हात विचारलास. मी हात म्हणालो."

मग त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. जिथे बघावं नेमकं तिथेच धुकं यायचं. कडेचं दिसायचं, म्हणून चालता-फिरता येत होतं, माणसं आवाजावरून ओळखता येत होती. स्टेशनचे आकडे मोठे आणि पेटलेले, तेवढे मान तिरकी करून वाचता यायचे. आतला माल बघायला त्यांच्याकडे डोळेच नव्हते. मुंबईच्या माणसानं खोकी दिली, आकडा साडेतीनशे आला, सरांनी विश्वास ठेवला.

"जन्मभर पोरांचे जॉइंट बघून सांगत आलो," सर म्हणाले. "आता तेवढंच दिसत नाही, हे कुणाला सांगायचं? हिलासुद्धा नाही सांगितलं."

काकू आतल्या दारात उभ्या होत्या. "मला सांगायला नकोच होतं," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून कप तुमच्या हाताशी आणून ठेवतेय, तो काय उगीच? तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

सर त्यांच्या दिशेनं वळले.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. त्या घटकेला मला राग आला होता.

"सर, मी काम सोडणार होते," मी म्हटलं. "शाळेत अर्ज दिलाय. घरी सुया ओवत बसले होते, अण्णांच्या समोर."

"हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही दिसत नाही म्हणाला असता तर मी दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं."

"हो," सर म्हणाले. "शरयू, माझं चुकलं."

पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती.

त्यांनी काकूंना फोन जवळ आणायला सांगितला आणि नीलोफरकडून प्राचार्यांचा नंबर लावून घेतला. आम्ही उठायला लागलो तर हातानं बसवलं.

"उद्याचा माल येणार नाही," ते फोनवर म्हणाले. "बनावट आहे. अर्थिंग तोडलेलं आहे, पोरांना झटका बसेल. हो, मीच आणलेला. नाही, मला कळलं नाही, कारण मला दिसत नाही. दिसत नाही म्हणतोय मी. डोळे गेलेत." पलीकडून बरंच काही बोललं जात असावं. सर ऐकत होते. "ते कंपनीच्या माणसाकडून सरळ मागवा. मी मध्ये नको," म्हणाले आणि फोन ठेवला.

मुंबईच्या माणसानं पुढे फोन उचलणं बंद केलं. सरांनी एजन्सी सोडली, पण त्याआधी ज्यांना ज्यांना स्टेशन दिलं होतं त्या प्रत्येकाच्या दुकानात जायचं ठरवलं. एकटं जाणं शक्य नव्हतं, म्हणून कधी नीलोफर, कधी मी रिक्षातून त्यांना घेऊन जायचो. आम्ही बाहेर थांबतो म्हटलं तर ऐकायचे नाहीत. "आत ये. मी सांगतो, तू उघडून दाखव." काहीजण चिडले. एका टीव्ही दुरुस्तीवाल्यानं सरांना खुर्चीसुद्धा दिली नाही. सर उभ्यानं सगळं बोलले, नमस्कार केला आणि माझ्या खांद्याला धरून पायरी उतरले. जमा झालेले डबे आम्ही फोडून भंगारात घातले, पुन्हा कुणाच्या गळ्यात पडू नयेत म्हणून.

मी शाळेत जाऊन अर्ज मागे घेतला. घरी सांगितलं तेव्हा अण्णांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात हलत होते, त्यामुळे माझाही हलत होता.

खरी स्टेशनं यायला वेळ लागला. तोवर लॅबचंच मागून आणत होतो. नवीन आल्यावर त्या काळातली सगळी यंत्रं परत मागवून प्रत्येक जॉइंट पुन्हा केला. सिरिंज पंपाची पाळी आली त्या दुपारी सर वर्कशॉपमध्ये बसलेले होते. रिक्षाच्या फेऱ्या संपल्यावरही ते यायचे, आम्हीही काही विचारायचो नाही. मी जॉइंट केला, बिट मागे घेतलं आणि जुन्या सवयीनं बोर्ड त्यांच्यापुढे धरला. मग लक्षात आलं आणि मी हात आखडता घेणार, तेवढ्यात त्यांनी बोर्डाची कड धरली.

"भिंग लाव," ते म्हणाले, "आणि मला सांग."

मी भिंग लावलं. "चकचकीत आहे. सगळीकडून सारखा चढलाय. कडेला फट नाही. पिनेचं टोक वर दिसतंय."

"खालच्या बाजूनं?"

मी बोर्ड उलटा केला. "खालीपण आलाय."

"तुला दिसतंय ना नीट?"

"हो, सर."

त्यांनी बोर्डाची कड सोडली. "मग दे पाठवून."

मी पंपाचं झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि सुतारांना फोन लावला.